मालतीबाईंचं लाल कापड

मालतीबाई गुंजाळ हत्याराकडे नंतर बघत. आधी ते घेऊन आलेल्या माणसाच्या हातांकडे बघत. हात पिस्तूल टेबलावर ठेवून लगेच सुटला, तर माणूस विकायला आलाय. हात त्यावर थोडा रेंगाळला, तर त्याच्याशी जपून बोलायचं. हे त्यांनी मला कधी समजावून सांगितलं नाही. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून बसून मला ते कळत गेलं.

नगरच्या कापड बाजारामागच्या गल्लीत त्यांचं बंदुकांचं दुकान होतं. परवाना आधी नवऱ्याच्या नावावर होता, तो गेल्यावर त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतला. त्यासाठी कचेरीत किती खेटे घातले हे त्या सांगत नसत. मात्र तिथल्या कुठल्या खोलीतला पंखा कुरकुरतो ते सांगत. उंच, किडकिडीत बाई. सुती इरकल, घट्ट अंबाडा, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. टेबलावर भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी असे. एखादं हत्यार मनासारखं निघालं की त्यातला एक दाणा तोंडात जाई. खोटं निघालं की वाटी बाजूला सारली जाई. गिऱ्हाइकाला पत्ता नसे, पण निकाल तिथेच लागलेला असे.

आमची घरं एकाच गल्लीत. मी पाटबंधारे खात्यात कारकून. संध्याकाळी ऑफिस सुटलं की त्यांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला जायचो. सगळे त्यांना बाई म्हणत, मी काकू म्हणायचो. त्या मला बापू म्हणत, घरच्यासारखं.

हत्यार तपासायची त्यांची एक ठरलेली रीत होती. टेबलावर लाल कापड अंथरायचं. पिस्तुलाचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडे करायचं. मॅगझिन काढायचं, वरचा भाग मागे ओढून आत बघायचं, मग पुन्हा एकदा बघायचं. नंतर मालकाला जवळ बोलावून म्हणायचं, "बघा. रिकामं. आता तुम्ही म्हणा."

मोठमोठ्या मिशांच्या माणसांना ते पोरकट वाटे. एका साखर कारखान्याचे एक माजी संचालक आले होते, सोबत दोन माणसं. "बाई, कित्येक वर्षांत गोळी बघितली नाही त्यानं. एका संस्थानिकानं आमच्या आजोबांना दिलेलं आहे. ती एक मोठी गोष्टच आहे."

"गोष्ट बाहेर ठेवा," मालतीबाई म्हणाल्या. "हत्यार तेवढं आत आणा."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांचं म्हणणं, गोष्ट आधी ऐकली की डोळा तेच शोधायला लागतो. संचालक हसले, सोबतचे दोघेही हसले. बाईंनी वरचा भाग मागे ओढला आणि आतून एक हिरवी पडलेली गोळी टप्पकन लाल कापडावर पडली. मग कुणी हसलं नाही. त्या माणसानं पिस्तूल शेरवानीच्या खिशात घालून किती लग्नांना हजेरी लावली असेल, हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याच्याही गेलं असावं, कारण तो न सांगता खाली बसला. बाईंनी गोळी वेगळी ठेवली, भिंग लावलं आणि काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "नळी दुसऱ्या पिस्तुलाची आहे. नंबर जुळत नाही. मुठीचं लाकूड इथल्याच कुणा सुताराचं. तुमच्या संस्थानिकांना एक अख्खं पिस्तूल परवडलं नव्हतं वाटतं."

शेंगदाण्यांची वाटी केव्हाच बाजूला गेली होती.

त्यांची दुसरी रीत अदलाबदलीची. दोघा परवानेवाल्यांना आपापली हत्यारं बदलायची असली की किंमत ठरवायला ते बाईंकडे येत. एकदा दोन साडू आले. एकानं बंदूक आणली होती, दुसऱ्यानं मोबाईलमधला पिस्तुलाचा फोटो. बाईंनी फोटोकडे बघितलंही नाही.

"निदान बंदुकीचं तरी सांगा, बाई," बंदूकवाला म्हणाला.

"ती तुम्हाला कशाच्या बदल्यात द्यायचीय?"

"ह्याच्या पिस्तुलाच्या."

"मग पिस्तूल कुठाय? दोन्ही एका कापडावर आल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. एकट्याची किंमत वेगळी, बदल्यातली वेगळी."

दोघं एकमेकांना शिव्या घालत परत गेले आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही हत्यारं घेऊन आले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे दसरा. दसऱ्यानंतरचे पंधरा-वीस दिवस त्यांच्याशी बोलायची सोय नसे. खंडेनवमीला आपल्याकडे घरोघर हत्यारं-अवजारं पूजेला मांडतात. विळा, पाना, ट्रॅक्टर, सगळं घासूनपुसून. ज्यांच्या घरी जुनी बंदूक किंवा पिस्तूल आहे ते तीही घासतात. कुणी चिंचेनं, कुणी पॉलिश पेपरनं, कुणी पॉलिशच्या चाकावर. देवापुढे मळकं हत्यार कसं ठेवायचं? मग तेच हत्यार बाईंकडे येतं, स्टीलच्या ताटासारखं लखलखत. कारखान्यानं चढवलेला काळसर निळा रंग गेलेला, धारदार कडा गोल झालेल्या, कोरलेली अक्षरं पुसट. जुन्या पिस्तुलाची अर्धी किंमत त्या रंगात आणि त्या अक्षरांत असते. बाई नुसतं नाकाशी धरून म्हणत, "दसऱ्याचा वास येतोय."

एका उन्हाळ्यात अकोल्याच्या डोंगराकडचा एक म्हातारा घोंगडीत गुंडाळून आजोबाची बंदूक घेऊन आला होता, तेव्हा मी तिथेच होतो. गंजानं लाल झालेली. म्हाताऱ्याला लाज वाटत होती. "घासून आनाया पायजे हुती," म्हणाला. अकोले हे बाईंचं माहेर. एरवी त्या साफ नगरी बोलत, पण मनातून हलल्या की माहेरची बोली बाहेर येई. "घासू नका बाबा," त्या म्हणाल्या. "अजाबात घासू नका. गंज मी काढीन, त्याला औषध हाय. चकाकीला न्हाई. हत्याराचा रंग रोजच्या हातानं चढतो, चाकानं उतरतो." आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला.

हे मी ऐकलं होतं. पुढे जे झालं ते ऐकलेलं असूनही झालं, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्याच साली श्रावणात आमचे वडील, अण्णा, आमच्या गावी कोल्हारला वारले. मागे आम्ही तिघं. थोरला दादा गावी शेती बघतो, शिवाय नांगर-रोटाव्हेटर दुरुस्तीचं त्याचं वेल्डिंगचं शेड आहे. मधली अक्का, तिचा नवरा लवकर गेला, ती सुप्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. धाकटा मी. मागे राहिली प्रवरेकाठची, रस्त्याला लागून असलेली जमीन, आणि एक बत्तीस बोअरचं विलायती पिस्तूल. आजोबा धरणाच्या कामावर मुकादम होते. तिथल्या गोऱ्या इंजिनिअरनं जाताना ते त्यांना दिलं, अशी घरातली गोष्ट. अण्णांनी एका गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवलं होतं. "असली पिस्तुलं आता बाहेरून येत न्हाईत," असं ते म्हणाले होते, तेव्हापासून त्या पिस्तुलात एक बंगला आहे असं आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं.

गावाकडे बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. जमीन भावांना, बहिणीला साडी आणि माहेर. दादाला आणि मला नुसती साडी देऊन अक्काची सही घ्यायची लाज वाटली. म्हणून आम्ही ठरवलं, जमिनीवरचा हक्क अक्कानं सोडायचा आणि बदल्यात पिस्तूल विकून येईल ते सगळं तिचं. आम्हाला हे फार मोठ्या मनाचं वाटलं होतं.

परवाना अण्णांचा. ते गेल्यावर पिस्तूल लगेच जमा करायला हवं होतं. दसरा होऊ दे, म्हणून आम्ही ते घरातच ठेवलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो तर दादा शेडमध्ये पॉलिशच्या चाकासमोर उभा. हातात पिस्तूल.

"बापू, अण्णांच्या मागं पहिलीच पूजा," तो म्हणाला. "लई काळं पडलंय. घासू का?"

मला म्हातारा आठवला, घोंगडी आठवली, 'घासू नका' आठवलं. त्याच वेळी अक्काही आठवली. तिला हत्यारातलं काय कळणार? चमकलं की भारी वाटेल, मुकाट सही करील. मी म्हणालो, "घास."

दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. चाकाखालून ते पिस्तूल चांदीसारखं बाहेर आलं.

पण अक्कानं मुकाट सही केली नाही. पूजेत ठेवलेल्या पिस्तुलाकडे तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "सही करते की. पर एकदा जानत्या मानसाला दावून घिऊ. बापूच्या वळखीच्या बाई हायेत न्हवं?"

दुकानात जायचं ठरलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी मालतीबाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काकू, उद्या आमचं पिस्तूल आणतोय. पोलीस ठाण्यातनं चिठ्ठी घेतलीय. अक्का बरोबर असेल. जरा असल म्हणून सांगा."

"असल असलं तर सांगेनच."

"असलच आहे. थोडं साफ केलंय, एवढंच."

शेंग फोडायची थांबली. "कुणी?"

"दादानं. खंडेनवमीला."

"तू होतास?"

"होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टरफलं सुपात एका बाजूला केली. "हत्यार समोर नसताना मी हत्याराबद्दल बोलत नाही," म्हणाल्या. "उद्या या." मी निघालो तर नेहमीसारखं 'चहा घेऊन जा'ही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. दादानं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि त्याचा हात त्यावर राहिला. बाईंनी ते बघितलं. मग माझे हात बघितले, ते खिशात होते. अक्का दारालगतच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती.

लाल कापड. वाळूचं पोतं. मॅगझिन. "बघा. रिकामं. म्हणा."

"रिकामं," दादा म्हणाला.

त्यांनी ते नाकाशी धरलं. मला वाटलं आता 'दसऱ्याचा वास' म्हणतील. म्हणाल्या नाहीत. दिवा तिरका करून भिंगातून बघत राहिल्या. सांगाड्यावरचा नंबर, नळीवरचा नंबर, वरच्या सरकत्या भागावरचा नंबर. "तिन्ही एकच आहेत," म्हणाल्या. "नळी मूळची. मूठ मूळची. पिस्तूल खरं आहे." आणि हात शेंगदाण्यांच्या वाटीकडे गेला. पण हात वाटीच्या काठावर थांबला, दाणा घेतला नाही, वाटी सारलीही नाही. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"इथं काहीतरी लिहिलेलं होतं," वरच्या भागावरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या. "एखाददुसरं अक्षर लागतंय. ज्या दुकानानं पहिल्यांदा विकलं त्याचं नाव असणार. ते असतं तर हे कुठून आलं, कधी आलं, सगळं शाबीत झालं असतं."

"हुतं तिथं," अक्का दारातून बोलली. "वळ हुती बारीक अक्षरांची."

दादानं चपापून मागे बघितलं. बाईंनी भिंग खाली केलं. आता म्हणणार, गोष्ट बाहेर ठेवा.

"सांगा," मालतीबाई म्हणाल्या.

अक्का उठून टेबलापाशी आली. "अण्णा तेल लावायचे तवा मला जवळ बसवायचे. ह्या दोघांला न्हाई, ह्यांचे हात वंगाळ म्हणायचे. मी त्या अक्षरांवरनं बोट फिरवायची. विंग्रजी कुठं येत हुतं? पर बोटाला ठावं हुतं. ग्येल्या सालच्या दसऱ्यापतुर हुतं बाई ते."

रस्त्यावरून टेम्पो गेला, काचा थरथरल्या.

"चाकावर गेलं," बाई म्हणाल्या.

दादाच्या मानेपर्यंत लाली चढली. आधी त्याला कळलंच नाही. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "बापू, मी तुला इचारलं हुतं. तू म्हनला घास."

"तुला ठावं हुतं का रं?" अक्कानं विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी मालतीबाईंकडे बघितलं. मालतीबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, कालच्यासारखंच. त्यांनी एका शब्दानं मला उघडं पाडलं असतं किंवा वाचवलं असतं. त्यांनी किमतीच्या दाखल्याचा कागद पुढे ओढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "किंमत कशासाठी पाहिजे? विकायला की परवाना नावावर करायला?"

"विकायला," मी घाईनं म्हणालो.

"हक्कसोडीसाठी," अक्का म्हणाली. "ह्ये मला, आन जमीन ह्यांला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"म्हंजी बदली हाय," त्या म्हणाल्या, माहेरच्या बोलीत. "मग दुसरं कुठंय?"

"दुसरं काय?" दादानं विचारलं.

"ज्याच्या बदल्यात ह्ये देताय त्ये. दोन्ही एका कापडावर आल्याबिगर मी तोंड उघडत न्हाई. तुमच्या भावाला ठावं हाय, त्यो रोज हितंच बसतो."

अक्का कापडाकडे बघत होती. पिस्तुलाच्या शेजारी रिकामी लाल जागा होती.

"सातबारा आनते, बाई," ती म्हणाली. "त्यो ठिवा हितं. मंग सांगा."

पिस्तूल त्या दिवशी दुकानात जमा झालं. आम्ही तिघं बाहेर आलो. अक्का सुप्याच्या बसला गेली, मी सोडायला येतो म्हटलं तर "ऱ्हाऊ दे" म्हणाली. दादा माझ्याशी बोलला नाही. दिवाळीनंतर तोच सातबारा घेऊन आला, अक्काला बरोबर घेऊन. मी स्टुलावर नव्हतो, भिंतीशी उभा होतो. बाईंनी उतारा पिस्तुलाशेजारी ठेवला. किती क्षेत्र, पाणी कुठलं, रस्ता किती लांब, एवढं विचारलं. मग दादाकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. तुम्ही ही बदली घ्याल का?"

दादानं उताऱ्याकडे बघत मान हलवली. नाही.

हक्कसोड झाली नाही. सातबाऱ्यावर तीन नावं लागली. पिस्तूल पुढे दुकानातूनच विकलं गेलं, घासलेल्या पिस्तुलाच्या भावानं, आणि ते पैसेही तिघांत वाटले गेले. बाईंनी घेणाऱ्याला माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं, "नंबर जुळतात, अंग घासलेलं आहे." मला वाटलं होतं त्या मला दुकानात येऊ देणार नाहीत. मी आठवडाभर गेलो नाही तर त्यांचाच निरोप आला, की अर्ज पडून आहेत. गेलो. त्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मी एकदा काढायला लागलो, तर म्हणाल्या, "गोष्ट बाहेर."

पुढे त्यांची नजर अधू झाली. मोतीबिंदू काढला तरी नंबरांतले तीन आणि आठ वेगळे दिसेनात, तशी त्यांनी स्वतःहून परवाना परत केला. हत्यारं दुसऱ्या विक्रेत्याकडे गेली. अंगठ्यानं कडा तपासून त्या अजूनही सांगू शकल्या असत्या, मी तसं म्हणालोही. "अंगठ्यावर मी सही करत नाही," त्या म्हणाल्या.

अकोल्याला भाचीकडे राहायला निघाल्या, त्या सकाळी मी त्यांची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेलो. जीप उभी होती. पिशवीत वर लाल कापडाची घडी दिसत होती. पुढच्या सीटवर बसल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "बापू, अक्का बोलते का रे तुझ्याशी?"

"बोलते की."

"कशी?"

"पहिल्यासारखी."

त्यांनी गळ्यातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या भिंगातून त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. मी हसायचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत.

"पॉलिश आहे," म्हणाल्या.

पॉलिश होतंच. अक्का राखीला येते, जेवते, मुलांची चौकशी करते. पण माझ्या हातून काही घेताना आधी ते उलटून बघते.

"आता घासू नको," भिंग पुन्हा गळ्यात सोडत मालतीबाई म्हणाल्या. "जात जा सुप्याला अधनंमधनं. हात लागू दे."

जीप सुरू झाली. माझा हात दारावर होता. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. मी तो लगेच काढला नाही.